बाजूच्या सीटवरचा ब्रेक

धुलाईखान्यात तिला सगळे सुसाटताई म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याने उगाच ठेवलं नव्हतं. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनच्या वेळचे हिरवे झगे धुवायला तिथे येत. मळलेलं आणायचं, धुतलेलं पोचवायचं, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. सगळ्यांत मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बाकीच्या ड्रायव्हरांना तिथे जायला पंचवीस मिनिटं लागायची, तिला सतरा. कोणी नवा ड्रायव्हर कामाला लागला की मॅनेजर त्याला हे आवर्जून सांगायचा, आणि ती जवळपास असली तर मान खाली घालून हसायची.

सतरा मिनिटं कशी होतात हे मात्र कोणी विचारत नसे. पिवळा दिवा दिसला की तिचा पाय ब्रेककडे न जाता अॅक्सिलरेटरवर जायचा. 'थांबा' लिहिलेल्या पाटीपाशी ती थांबल्यासारखं करायची. पुढच्या गाडीच्या इतकी मागे चिकटायची की त्या माणसाने वैतागून वाट द्यावी. वळताना दिवा लावायचा कंटाळा. "मला कुठे जायचंय ते मला माहितीय, सगळ्या गावाला कशाला सांगू?" हा तिचा ठरलेला विनोद. फोन मांडीवर असायचा, आणि वाटेत सफरचंद खावंसं वाटलं तर स्टिअरिंग गुडघ्याने सांभाळायचं. एकोणीस वर्षांत दोन-चार ओरखड्यांपलीकडे काही झालं नव्हतं. काही झालं नव्हतं, म्हणून आपण गाडी चांगली चालवतो असा तिचा समज होता.

तो मंगळवार होता, सकाळचे सव्वाआठ. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, रहदारी बेताची. मांडीवरचा फोन थरथरला. मुलीने विचारलं होतं, 'आई, माझा निळा शर्ट कुठे ठेवलास?' शर्ट गॅलरीत दोरीवर होता. ती खाली बघून 'दोरीवर' असं लिहायला लागली. 'दोरी' लिहून झालं होतं, 'वर' राहिलं होतं, तेवढ्यात डावीकडून धप्प असा आवाज आला.

तिला वाटलं, मागची ट्रॉली कलंडली. आता सगळ्या चादरींच्या घड्या परत घालाव्या लागणार.

हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. मग तिने आरशात पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक सायकल आडवी पडली होती आणि तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. सायकलच्या पलीकडे एक म्हातारा माणूस कुशीवर पडला होता. त्याच्या पिशवीतून शे-दीडशे चाव्या रस्ताभर सांडल्या होत्या आणि उन्हात चमकत होत्या.

ते चावीवाले काका होते. बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं कुलपांचं नि चाव्यांचं दुकान होतं, पलंगाएवढं. सुसाटताई त्यांना ओळखत नव्हती, पण जमलेल्यांपैकी निम्मे लोक ओळखत होते. कोणी काकांच्या डोक्याखाली स्वेटर सारला, कोणी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. दोन बायका वाकून चाव्या वेचायला लागल्या. सुसाटताईही वाकली. तिने सात-आठ चाव्या उचलल्या आणि मग त्या कोणाला द्यायच्या हे तिला कळेना. हातात चाव्या धरून ती तशीच उभी राहिली.

पोलीस आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "फोन बघत होतात?"

"नाही," ती म्हणाली. "ते एकदम मध्ये आले."

हे बोलायला तिला काही कष्ट पडले नाहीत. न बघता लेन बदलावी तसं ते तोंडातून निघून गेलं. दुकानं अजून उघडायची होती, धडक बसताना पाहिलेलं कोणी नव्हतं. पोलिसाने लिहून घेतलं आणि तिने खाली सही केली.

काकांच्या खुब्याचं हाड मोडलं, उजवं मनगट मोडलं, आणि डोक्याला मार लागल्यामुळे त्या सकाळची आठवण साफ पुसली गेली. जीव वाचला. हे सगळं तिला दुपारी मॅनेजरने सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. घरी नवऱ्याने सांगितलं, "अगं, वाचला ना माणूस? मग रडून घे एकदा, मोकळी हो." तिला रडायला येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिला आतून झालं होतं. जेवत होती, झोपत होती, कपड्यांच्या घड्या घालत होती. कशाचंच काही वाटत नव्हतं.

कंपनीने तिला महिनाभर गाडीवरून उतरवलं. त्या महिन्यात मळक्या चादरी वेगळ्या करायच्या, आणि आठवड्यातून दोनदा एका मास्तरांकडे जाऊन गाडी चालवायला नव्याने शिकायचं, असं ठरलं. एकोणीस वर्षांच्या ड्रायव्हरला पुन्हा शिकायला पाठवणं म्हणजे नाक कापल्यासारखंच. पण तिला त्याचंही काही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मुलगी म्हणाली, "चल, मी सोडते तुला." मुलीला लायसन मिळून दीड महिना झाला होता. घरच्या छोट्या जुन्या गाडीवर तिला शिकवलं होतं आईनेच. लायसन मिळाल्यापासून सुसाटताई पहिल्यांदाच तिच्या डाव्या बाजूला बसली.

मुलीने फोन मांडीवर ठेवला. कोपऱ्यावर दिवा न लावता वळली. पुढे एक पाण्याचा टँकर होता, त्याच्या मागे ती अशी चिकटली की टँकरच्या नळातून गळणारं पाणी काचेवर उडायला लागलं. सुसाटताईचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला आणि खालच्या चटईवर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. तरी ती दाबत राहिली.

"अगं, जरा अंतर ठेव."

"आई, तूच तर अशी चालवतेस," मुलगी म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. स्वयंपाक आईसारखाच करते असं एखादीने सांगावं, तितक्या सहज म्हणाली. आईने पट्टा एकदा ओढून बघितला.

मास्तर म्हणजे एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. बुटका, स्वच्छ दाढी केलेला, खिशात नेहमी दोन पेनं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला तासभर चालवायला लावलं आणि चकार शब्द काढला नाही. शेवटी वही उघडून म्हणाले, "हात चांगला आहे. गाडी तुमचं ऐकते. पण तुम्ही रस्त्याचं ऐकत नाही."

मग त्यांनी तिला लहान मुलासारखं पहिल्यापासून शिकवलं. पुढची गाडी खांबापाशी गेली की मनात दोन सेकंद मोजायचे, त्याच्या आत आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पाटीपाशी चाक पूर्ण थांबलं पाहिजे, थांबल्यासारखं नव्हे. डावीकडे सरकण्याआधी नुसता आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यावरून बघायचं, कारण सायकलवाला आरशात मावत नाही. फोन बंद करून मागच्या सीटवर, हात पोचणार नाही असा. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे, दिसेल ते मोठ्याने बोलत चालवायचं.

"मोठ्याने?"

"हो. तोंड बोललं की डोळे बघतात. नाहीतर डोळे उघडे असतात नुसते."

तिने बोलायला सुरुवात केली. "पुढे पांढरी गाडी. डावीकडे बाई, हातात पिशवी, फोनवर बोलतेय. उभी असलेली व्हॅन, दार उघडू शकतं. शाळेची पाटी." तिचा आवाज सपाट होता, किराणा मालाची यादी वाचावी तसा. पण बोलता बोलता तिला कळलं की एकोणीस वर्षं रोज ज्या रस्त्याने ती जात होती, तिथे एक शाळा आहे हे तिला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तिने मास्तरांना सांगितलं, "मला काही वाटत नाही हो. लोक म्हणतात पश्चात्ताप झाला पाहिजे. मी वाट बघते, पण आत काही हलतच नाही."

मास्तरांनी वही मिटली. "वाटेल तेव्हा वाटेल," ते म्हणाले. "तोवर आरशात बघा."

महिना संपत आला तेव्हा ती काकांच्या घरी गेली. आधी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली होती. दार काकूंनी उघडलं. उंच, हाडापेराने मजबूत बाई, केस घट्ट बांधलेले. आपण कोण हे तिने सांगितल्यावर त्यांनी तिला आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. काका खिडकीपाशी खुर्चीत होते, शेजारी काठी. मनगटाचं प्लास्टर निघालं होतं आणि हात बारीक, पांढुरका दिसत होता.

"मला माफ करा," ती म्हणाली. ते बोलायचं असतं म्हणून बोलली.

"माफीचं लोणचं घालू का?" काकू म्हणाल्या. "सोमवार-गुरुवार यांना व्यायामाला दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी वेळेवर मिळत नाही, मिळाली तर यांना धरून आत बसवत नाही कोणी. तुम्ही नेता का?"

"नेते."

काकूंना हे उत्तर अपेक्षित नसावं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मग वेळ सांगितली. दुपारी चार.

पहिल्या दिवशी काका तिच्या घरच्या गाडीत बसले तेव्हा घामाने डबडबले होते. पट्टा लावायला उजवा हात वळेना म्हणून तिने लावून दिला. गाडी निघाली. पहिल्याच चौकात समोरून रिकामी बस वळली आणि तिला काकांचा बूट दिसला. उजवा पाय पुढे जाऊन चटईवर दाबला गेला होता. पुढच्या चौकात पुन्हा. जिथे जिथे ती ब्रेक लावणार असे, तिथे तिच्या आधी त्यांचा पाय खाली जायचा. मोडलेल्या खुब्याचा पाय, दाबला की कळ यायची, आणि कळ आली की ते दातांतून श्वास घ्यायचे. पण पाय थांबत नव्हता.

त्या दिवसापासून तिने एकच हिशेब ठेवला. त्यांचा पाय हलायच्या आत आपला ब्रेक लागला पाहिजे. चौकाच्या कितीतरी आधी ती वेग सोडायला लागली. सिग्नलला गाडी इतकी अलगद थांबवायची की काकांचं डोकं हलू नये. मागचे हॉर्न वाजवायचे, वाजवू देत. तोंडाने तिचं चालूच असायचं, "स्कूटर, मागे पिशवी बांधलेली. म्हातारे गृहस्थ, कुत्रं सोबत."

चौथ्या की पाचव्या फेरीला काकांनी विचारलं, "हे तुम्ही काय पुटपुटता? जप करता की काय?"

तिने मास्तरांचं सांगितलं. पुढचं वळण आलं तसे काका म्हणाले, "उजवीकडून लाल गाडी. घाईत दिसतेय."

"दिसली," ती म्हणाली.

तिथून ते दोघं मिळून बोलायला लागले. एकमेकांशी नव्हे, रस्त्याशी. वीस मिनिटं खांब, गाड्या, माणसं, दारं. घरच्या गोष्टी नाहीत, त्या सकाळचं काही नाही. दोन महिने असे गेले. काकांचा पाय हळूहळू चटईवरच राहायला लागला. ती आता धुलाईखान्याची गाडीही पुन्हा चालवत होती. हॉस्पिटलला पोचायला तिला सत्तावीस मिनिटं लागत होती आणि मॅनेजर घड्याळ बघून निघून जात होता.

एका गुरुवारी दवाखान्याच्या आवारात गाडी लावल्यावर काका उतरले नाहीत. काठी गुडघ्यांत धरून समोर बघत बसले.

"ताई, एक विचारू? पोलिसांच्या कागदावर लिहिलंय की मी एकदम मध्ये आलो. मला काही आठवत नाही त्या दिवसाचं. खूप आठवून बघतो. म्हणजे असं आहे बघा, पन्नास वर्षं मी सायकल चालवतो. मी नाकासमोर चालणारा माणूस. पण वय झालं की तोल जातो म्हणतात. ही रोज म्हणते, तुम्हाला आता भान राहत नाही. सायकल विकून टाकली तिने. दुकानात एकट्याला जाऊ देत नाही. गॅस पेटवू देत नाही. मीही आता घराबाहेर पायरी उतरताना तिला हाक मारतो. मला एवढंच कळू दे, मी कसा आलो मध्ये? कोणत्या बाजूने?"

गाडीचं इंजिन बंद होतं. समोर दवाखान्याची भिंत होती आणि भिंतीवर वाहनं कुठे लावू नयेत त्याची पाटी. ती पाटी तिने दोनदा वाचली.

"तुम्ही मध्ये आला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही कडेने सरळ चालला होता. मी फोनमध्ये बघत होते. मुलीला शर्ट कुठे आहे ते लिहीत होते. मी तुम्हाला बघितलंच नाही. पोलिसांना मी खोटं सांगितलं."

काकांनी तिच्याकडे मान वळवली. तिला वाटलं, आता ते ओरडतील, काठी उगारतील. तिची हरकत नव्हती. कोणीतरी ओरडायला हवं असं तिला दोन-तीन महिने वाटत होतं.

"सरळ चाललो होतो," काका म्हणाले.

"हो."

"कडेने?"

"अगदी कडेने. पांढऱ्या पट्टीच्या आत."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "मग मी ठीक आहे," ते म्हणाले. हे ते तिला सांगत नव्हते. नंतर त्यांनी दार उघडलं, पाय बाहेर काढले, आणि तिने पुढे केलेला हात न धरता एकटेच उभे राहिले. वेळ लागला, पण राहिले.

दुसऱ्या दिवशी ती पोलीस चौकीत गेली. तोच पोलीस होता. "आता कशाला?" त्याने विचारलं. "ते प्रकरण फाइलमध्ये गेलं."

"तिथून काढा," ती म्हणाली. "त्यात चूक आहे."

तिने पुन्हा जबाब दिला, शर्टासकट. सही करताना हात स्थिर होता. प्रकरण नव्याने उघडलं, दोन तारखा पडल्या, आणि शेवटी तिचं लायसन सहा महिने जमा झालं. कंपनीने काढून टाकलं नाही, पण गाडी दुसऱ्याला दिली. नवऱ्याने डोकं धरलं. "वाचली होतीस की गं," तो म्हणाला, "स्वतःहून कशाला पायावर धोंडा पाडून घेतलास?" मुलगी मात्र त्या संध्याकाळी बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली. "मीच मेसेज केला होता ना," ती म्हणाली. आईने तिला सांगितलं की मेसेज करणं हा गुन्हा नाही, वाचणारीने गाडी थांबवायला हवी होती. त्यानंतरच्या सोमवारपासून मुलगी मास्तरांकडे जायला लागली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं.

काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, "आता तुम्ही येऊ नका. आमचं आम्ही बघू." आवाजात राग होता की आणखी काही, ते कळलं नाही. फोन लगेच बंद झाला.

सहा महिने सुसाटताई बसने कामावर गेली. बसमध्ये ती पुढच्या बाजूला उभी राहायची आणि ओठ हलवत रस्ता वाचायची. धुलाईखान्यात वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून तिच्या दंडावर भाजल्याचे दोन डाग पडले. सुसाटताई ही हाक हळूहळू बंद झाली. कोणी नुसतं ताई म्हणायचं, कोणी काहीच नाही. लायसन परत मिळालं तेव्हा मॅनेजरने विचारलं, गाडी पुन्हा घेता का. तिने घेतली. पहिल्या दिवशी किल्ली फिरवण्याआधी ती गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, मास्तरांनी शिकवलं होतं तशी. लोकांनी खिडकीतून पाहिलं. कोणी हसलं नाही.

पुढे थंडी सरता सरता धुलाईखान्यातल्या एका कपाटाच्या कुलपाची चावी हरवली आणि ते कुलूप घेऊन मॅनेजरने तिलाच बाजारपेठेत पाठवलं. दुसऱ्या कुठल्या दुकानात जाता आलं असतं. ती गाडी लांब लावून चालत गेली.

दुकान उघडं होतं. काका मागच्या स्टुलावर बसले होते, चष्मा नाकावर. त्यांचं मनगट आता वीतभर कानस धरण्याइतकं वळत नव्हतं, हे तिने ऐकलं होतं. पुढे लाकडी ओट्याशी काकू होत्या. चावी शिकंज्यात धरून त्या कानस चालवत होत्या, आणि काका मागून सांगत होते, "हलकं. तिसरा दात अजून. बास."

तिने कुलूप ओट्यावर ठेवलं. काकूंनी वर पाहिलं, तिला ओळखलं. कानस थांबली. काकाही बघत होते. त्यांनी मान हलवली, नमस्कार म्हणावा इतपत. त्यांच्या मागे भिंतीला टेकून एक सायकल उभी होती, जुनी पण नव्याने रंगवलेली. ती काकांची होती की गिऱ्हाइकाची, हे तिने विचारलं नाही.

काकूंनी कुलूप हातात घेऊन उजेडाकडे फिरवलं, आत डोकावल्या, नवऱ्याकडे दिलं. मग ओट्याखालून पायाने एक स्टूल बाहेर सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "अर्धा तास लागेल."

ती बसली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि बारीक पितळी भुकटी ओट्यावरून खाली पडायला लागली. काही वेळाने तिच्या लक्षात आलं की आपले हात गार पडले आहेत, आणि कितीतरी महिन्यांनी आपल्याला ते जाणवतंय. तिने ते मांडीखाली धरले.